जुन्या बोटीची निगा



आपल्यापैकी काहीजण 'कॉर्डेलिया'च्या क्रूझने मुंबईहून गोव्याला जाऊन आले आहेत. ती 'एम्प्रेस' बोट १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली. आपण प्राथमिक शाळेत होतो, तेव्हापासून ती खाऱ्या पाण्यात आहे!

खारं पाणी पोलादाला सतत खातं. म्हणून बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. पोलादाआधी ते झिजतात. तळाला शेवाळ, शिंपले चिकटले की इंधन जास्त लागतं. मग बोट कोरड्या गोदीत घेऊन तळ घासायचा, रंगवायचा. प्रवाशांना दिसतो तो फक्त वरचा झगमगाट.

आमच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच. नव्या प्रणालीला टाळ्या. जुनी चालू ठेवणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

आपले सर आणि बाई चंदनासारखे झिजले असं आपण म्हणतो. मला ते जस्तासारखे वाटतात, कारण त्यांच्यामुळे आपण गंजलो नाही.

म्हणून एक विनंती. शाळेला नवी वस्तू भेट देण्याऐवजी दरवर्षी थोडा दुरुस्ती निधी देऊया. छताच्या डागडुजीवर देणगीदाराची पाटी लागत नाही, पण पनवेलच्या पावसात वर्ग कोरडे राहतात.