‘त्याआधी काय होते?’ हा प्रश्न वर्गात येऊ द्या



सिंधुदुर्गातल्या विज्ञानशिक्षकांच्या मालवणातल्या या सभेत जिल्ह्यातल्या विज्ञानशिक्षणाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे. अहवाल आपल्या हाती आहेच. मी मात्र अनेक वर्षे मनात खदखदणारी एकच गोष्ट बोलणार आहे.

जयंत नारळीकरांना आपण हार घातले, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले, २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा शोकसभा घेतल्या. पण ज्या प्रश्नावर ते जगाशी भांडले, तो प्रश्न आपण वर्गाबाहेर ठेवला. विश्वाला आरंभ आहे की ते अनादि आहे? फळ्यावर आपण लिहितो, ‘१,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व निर्माण झाले’, आणि डस्टर उचलतो. एखाद्या पोराने ‘त्याआधी काय होते?’ विचारले, की ‘परीक्षेला नाही, खाली बस!’ याचा मला संताप येतो.

१,३८० कोटींचा आकडा खोटा नाही. विश्व अतितप्त, अतिदाट होते, तेव्हापासूनचा तो काळ आहे. त्या अवस्थेचा एक साक्षीदार हेलियम. विजयदुर्गावर आपण १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाची आठवण अभिमानाने सांगतो. हेलियमच्या शोधाचे श्रेय ज्यांना दिले जाते ते लॉकियर त्या दिवशी किल्ल्यावर नव्हते, ते इंग्लंडात होते. पण ते असो. खरी गोष्ट पुढची आहे. विश्वातल्या साध्या द्रव्यात वजनाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे, आणि एवढा हेलियम ताऱ्यांच्या पोटात तयार होणे कठीण, हे १९६४ साली टेलर यांच्यासोबत मांडले कोणी? फ्रेड हॉइल यांनी! विश्व अनादि मानणारा स्थिर विश्वाचा सिद्धांत मांडणारे, नारळीकरांचे गुरू. आपल्याच सिद्धांताला अडचणीचे ठरणारे गणित त्यांनी छापले. पुढे १९९३ साली हॉइल, बर्बिज आणि नारळीकरांनी अनादि विश्वाची सुधारित मांडणी केली. पुरावा तिच्या बाजूने नाही, असे माझेही मत आहे. पण तप्त अवस्था होती एवढ्यावरून तिच्याआधी काहीच नव्हते, हे सिद्ध होत नाही. बोर्ड, गुथ आणि व्हिलेंकिन या भौतिकशास्त्रज्ञांच्या २००३च्या प्रमेयानुसार सरासरीने प्रसरणच पावत आलेल्या विश्वाचे प्रसरण भूतकाळात अनंतापर्यंत नेता येत नाही. प्रसरणाआधी काय, यावर ते प्रमेय गप्प आहे.

सकाळच्या परिसंवादात एक मित्र म्हणाले, अनंत भूतकाळ ओलांडून ‘आज’ उगवणारच नाही. हाच युक्तिवाद मी एकदा नववीच्या वर्गात ठासून मांडला होता. मागच्या बाकावरचा, रापणीवर जाणारा एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, खंयचोय दीस धरा, थंयसून आजपर्यंत मोजूक येताच ना?” वाद तिथेच मिटला. भूतकाळातला कोणताही दिवस घ्या, आजपासूनचे त्याचे अंतर मर्यादितच आहे. ओलांडायला पहिला दिवस लागतो, आणि अनादि काळाला तोच नसतो.

पुराणांतले कल्प दाखवून ‘आमच्याकडे हे होतेच’ म्हणणाऱ्यांनाही सांगतो: मीमांसक आणि जैन जग अनादि मानत, पण प्रतिपक्षाला उत्तरे देऊन. ती मेहनत करा, मग बोला.

नारळीकरांची मांडणी आणि तिच्यावरचे आक्षेप, दोन्ही सांगणारी मराठी पुस्तिका काढू, तालुक्यातालुक्यात वादसभा घेऊ. तपशील कार्यकारिणी ठरवील. पण इथे बसलेल्या पेपर तपासणाऱ्यांनो, ‘त्याआधीचे अजून कोणाला ठाऊक नाही’ असे एखाद्या मुलाने लिहिले, तर या वर्षीपासून त्याला पूर्ण गुण द्या.