गुप्तदान आणि गुप्त वर्गणी
(महोत्सवी सभेतील भाषण)



देणगीदारांच्या यादीत ‘एक सद्‌गृहस्थ’ अशी नोंद आपण नेहमी वाचतो. गुप्तदान आपण श्रेष्ठ मानतो, आणि ते योग्यच आहे. कारण देणाऱ्यास परत काही नको असते. तथापि छापील यादीत नाव नसले, तरी संस्थेच्या वहीत ते असावे लागते. 2006 साली कायद्यात झालेल्या बदलाप्रमाणे, नावपत्त्याची नोंद नसलेल्या देणग्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या, तर धर्मादाय संस्थेस त्यांवर 30 टक्के कर पडतो.

हीच कसोटी आपण राजकीय पक्षांस लावून पाहू. 1957 साली पक्षांना वर्गणी देता यावी म्हणून टाटा पोलाद कंपनीने आपल्या उद्देशपत्रात दुरुस्ती मागितली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छगला यांनी ती मान्य केली. पण या प्रथेत लोकशाहीस धोका आहे, असा इशाराही दिला. 1969 साली कंपन्यांच्या अशा देणग्यांवर बंदी आली. 1985 साली ती उठली, मात्र नफ्याच्या प्रमाणात मर्यादा राहिली. 2003 साली 20,000 रुपयांवरील देणग्यांचा अहवाल निवडणूक आयोगास देण्याचे बंधन पक्षांवर आले.

2017 साली सरकारने सुधारणेची योजना मांडली. रोख देणगीची मर्यादा 2,000 रुपयांवर आणली, हे चांगलेच झाले. परंतु तिच्यासोबत निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून 1,000 रुपयांपासून 1 कोटीपर्यंतचा रोखा घ्यावा, पक्षास द्यावा, आणि मतदारास नाव कळू नये, अशी ती तजवीज. कंपन्यांवरील नफ्याची मर्यादाही त्याच वर्षी गेली. पैसा बँकेमार्फत येईल आणि देणाऱ्यास कोणाच्या रोषाचे भय उरणार नाही, असे सरकारचे म्हणणे होते. ते भय खोटे नाही. आम्हां व्यापारी मंडळींस ते चांगले ठाऊक आहे. पण नाव सरकारी बँकेस माहीत आणि मतदारास मात्र अज्ञात, यात रक्षण कोणाचे?

15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. मतदाराचा माहितीचा हक्क त्यांनी प्रमाण मानला, आणि मार्चमध्ये नावे प्रसिद्ध झाली.

दवाखान्यास खाट देणारा रुग्णाकडे ठेका मागत नाही. सत्तेच्या दारी दिलेल्या पैशाविषयी अशी खात्री कोण देईल? म्हणून धर्मकार्यातील गुप्तता हा विनय होय. राजकारणातील गुप्तता हा संशयाला दिलेला थारा होय.

आमची विनंती एवढीच. संस्थेचा पैसा संस्थेच्या उद्देशावाचून कोठेही जाऊ नये. सभासदांनी कोणत्याही पक्षास वर्गणी जरूर द्यावी, पण ती धनादेशाने द्यावी व पावती घ्यावी. आणि मत मागण्यास येणाऱ्या उमेदवारास, ‘आपला खर्च कोण चालवितो?’ असे निःसंकोच विचारावे. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या समाजाला तो मागण्याचाही अधिकार आहे.