अंबट भाजीचा पत्ता

मघापासून खाऊच्या स्टॉलकडे डोळे लावून बसलेल्या मुलामुलींनो,

चेन्नईतल्या मराठी घरात गावाहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: पिशवीत काय आणलंस? सोनंचांदी गाळणारी गलाईवाली कुटुंबं विटा-खानापूरकडून येताना ज्वारीचं पीठ आणतात, कुणी कांदा-लसणाची चटणी, कुणी आमसुलं. गावरान चव पिशवीतूनच येते असं सगळे धरून चालतात. तंजावरच्या मराठ्यांकडे अशी पिशवी नव्हती, आणि त्यांचं काही अडलंही नाही.

व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावरात राज्य मांडलं. कावेरीच्या खोऱ्यात कोकम नव्हतं, चिंच होती; तूरडाळ होती, नारळ होता, दारात पालेभाजी होती. तंजावरी मराठी घरांतली अंबट भाजी त्यातूनच आली, चिंचेच्या कोळात शिजलेली पालेभाजी. आपलं पिठलं तमिळ स्वयंपाकघरात शिरलं आणि ‘पिटलै’ झालं, असं मानतात. बेसन गेलं, तूरडाळ आणि कारलं आलं. ‘रसवांगी’तलं वांगं ओळखायला शब्दकोश लागत नाही. उडदाच्या पिठाचं डांगर तिथे ‘डांगर पच्चडी’ म्हणून पानात पडतं. सांबाराला संभाजीराजांचं नाव मिळालं ही गोष्ट मात्र चवीने ऐकावी, इतिहासाच्या पेपरात लिहू नये; तिला समकालीन कागदाचा आधार नाही. कागद हवा असेल तर दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावाचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे. राजवाड्यातल्या मुदपाकखान्याची ती आठवण तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपली आहे.

आता त्याच खोऱ्यातली अलीकडची गोष्ट. तंजावर जिल्ह्यात १९३८ साली जन्मलेले नम्माळवार कृषी पदवीधर होते. कोविलपट्टीच्या संशोधन केंद्रातली सरकारी नोकरी त्यांनी १९६९मध्ये सोडली. कोरडवाहू शेतकऱ्याला महागडी खतं आणि संकरित बियाणं परवडत नाही, मग हे प्रयोग कुणासाठी, असा त्यांचा सवाल होता. पुढे २०१३मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हिरवं मुंडासं बांधून गावोगाव सेंद्रिय शेती सांगत हिंडले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जयरामन यांनी भाताची १७४ देशी वाणं गोळा केली. लोक त्यांना ‘नेल’ जयरामन म्हणू लागले. नेल म्हणजे साळ. तिरुवारूर जिल्ह्यातल्या आदिरंगम गावी त्यांनी बियाण्यांची जत्रा सुरू केली. तिथे शेतकऱ्याला दोन किलो बी फुकट मिळे. अट एकच: पुढच्या वर्षी चार किलो परत आणायचं. व्याज जबर, पण सावकार चांगला!

हाच उद्योग अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्यात, राहीबाई पोपेरे यांनी केला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घरातच वालापासून वांग्यापर्यंत गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२०ची पद्मश्री मिळाली. नातू आजारी पडला आणि फवारलेल्या भाज्यांचा त्यांना संशय आला, तिथून हे सुरू झालं.

चेन्नईत शेत कुठून आणायचं? गच्ची आहे की. तमिळनाडूच्या फलोत्पादन खात्याने २०१३ साली चेन्नई आणि कोइमतूरकरांसाठी गच्चीवरच्या भाज्यांचा संच काढला, पिशव्या, काथ्याचा भुसा आणि बियांसकट. गच्चीवर घराचा तांदूळ पिकणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कढीपत्ता, मिरची, वांगी आणि माठ मात्र पिकतात. माठ तर महिन्याभरात कापायला येतो. कोथिंबीर मे महिन्यात पेरणाऱ्याला चेन्नईचं ऊन धडा शिकवतं. जुडी होण्याआधीच ती फुलावर जाते. ती ईशान्य मान्सून ओसरल्यावर टाकावी. खताला स्वयंपाकघरातली सालं-देठं पुरतात. दुकानातल्या ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या चकचकीत पाकिटापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि त्यात काय आहे हे निदान ठाऊक असतं.

सकाळी गल्लीत कीरै, म्हणजे पालेभाजी, विकणारी बाई येते. तिच्या टोपलीतली मणत्तक्काळि म्हणजे आपली कामोणी. तमिळ आडी महिन्यात मारीअम्मनच्या देवळापुढे वाटतात ते नाचणीचं ‘कूळ’ आपल्या आंबिलीच्या नात्यातलं. आजी गावी असेल तर तिला फोनवर विचारा, ती कामोणीची भाजी कशी करायची. तोंडात बसलेली चव नेमकी तिथे सापडण्याचा संभव आहे.

बक्षिसांच्या टेबलाखाली एक खोका ठेवला आहे. त्यात लाल माठ, वांगी, वाल आणि देशी भेंडीचं बी आहे. बक्षीस मिळो न मिळो, ज्याला हवं त्याने घ्यावं. अट जयरामन यांचीच: आज एक चिमूट, पुढच्या संमेलनाला दोन. नावं लिहायला वही तिथेच आहे, पेन मात्र आपापलं आणा.