बासष्ट टक्क्यांवर अडकलं? थांबा, लगेच फॉरमॅट मारू नका

आजचा भाग जरा फोनच्या नोट्स उघडून ऐकण्यासारखा आहे, कारण दोन-तीन कमांड मी अक्षर-अक्षर सांगणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण हे फोनवर ऐकताय, आणि ते बरंच आहे. लॅपटॉप बिघडलेला असतो तेव्हा मदतीला फोनच हातात असतो.

विषय असा. विंडोजचा लॅपटॉप अचानक विचित्र वागायला लागतो. स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज उघडून लगेच बंद होतं, अपडेट दर वेळी शेवटाला जाऊन मागे फिरतं. कोणीतरी सांगतं, "सिस्टीम फाइल करप्ट झाल्यात, एसएफसी चालव." तुम्ही चालवता. ते अर्ध्यावर थांबतं. मग दुसरं कोणीतरी म्हणतं, "डीआयएसएम चालव." ते बासष्ट टक्क्यांवर जाऊन बसतं ते बसतंच. मग गल्लीतल्या दुकानात नेता आणि तिथे एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावं लागेल." त्यात तुमचा प्रोजेक्ट, घरच्यांचे फोटो, चार वर्षांच्या नोट्स, सगळं जाऊ शकतं. म्हणून आज मी क्रम सांगणार आहे. कमांड सगळ्यांना सापडतात, पण क्रम चुकतो आणि नुकसान तिथेच होतं.

आधी हे समजून घेऊ की फोनमध्ये आपल्याला असलं काही का करावं लागत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टीमचा भाग वेगळा आणि कुलूपबंद असतो. तिथे अ‍ॅपला काही लिहिता येत नाही, आणि फोन सुरू होताना तो भाग मूळ आहे तसाच आहे का, हे तपासलं जातं. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून तर सिस्टीमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली. एक चालू असते, दुसरीवर अपडेट बसतं, आणि गडबड झालीच तर फोन जुन्या प्रतीवर परत जातो. विंडोजचं घर जुनं आहे. त्यात प्रिंटरवाला, गेमवाला, अँटिव्हायरसवाला, सगळे आत येऊन खिळे ठोकून जातात. त्यात अपडेट चालू असताना लाइट गेली, बॅटरी संपली, डिस्क म्हातारी झाली किंवा रॅमची पट्टी खराब निघाली, की फाइल बिघडतात.

यावर मायक्रोसॉफ्टने दोन औजारं दिली आहेत. पहिलं एसएफसी, म्हणजे सिस्टीम फाइल चेकर. हे विंडोज ९८ पासून आहे. दुसरं डीआयएसएम. ते विंडोज ७ च्या वेळी आलं, आणि आज आपण वापरतो ती दुरुस्तीची कमांड विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून मिळाली.

दोघांत फरक काय? सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. तुमच्या घरचा उतारा फाटला, तर तुम्ही तलाठ्याकडे जाता आणि दफ्तरातून नवा उतारा आणता. एसएफसी हेच करतं. विंडोजच्या फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचं एक फोल्डर असतं, ते हे दफ्तर. एसएफसी चालू फाइल तपासतं, खराब निघाली तर दफ्तरातून चांगली प्रत काढून तिथे ठेवतं. पण दफ्तरालाच वाळवी लागली असेल तर? मग तलाठी कितीही प्रामाणिक असला तरी तुम्हाला काय देणार? डीआयएसएम हे दफ्तर दुरुस्त करतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या चांगल्या प्रती विंडोज अपडेटच्या सर्व्हरवरून आणतं.

यातूनच क्रम ठरतो. आधी डीआयएसएम, मग एसएफसी. आधी दफ्तर, मग उतारा. मायक्रोसॉफ्टसुद्धा हाच क्रम सांगतं. बरेच जण फक्त एसएफसी पाच-पाच वेळा चालवतात आणि "काही फाइल दुरुस्त करता आल्या नाहीत" हा एकच निरोप पाच वेळा वाचतात.

पण थांबा. या दोन्हींच्याही आधी एक पायरी आहे, आणि आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. बॅकअप. लॅपटॉप जोपर्यंत सुरू होतोय तोपर्यंत तुमच्या फाइल पेनड्राइव्हवर, बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर काढून घ्या.

का, ते सांगतो. माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर डीआयएसएम असंच अडकलं होतं. त्या लॅपटॉपमध्ये तिच्या सासऱ्यांच्या आवाजातली जुनी भजनं होती, दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर डिस्क शंभर टक्के व्यग्र, पण वाचनाचा वेग जवळजवळ शून्य. वर आतून बारीक टिकटिक आवाज. त्या क्षणी विंडोजचा प्रश्न संपला होता, प्रश्न डिस्कचा होता. दुरुस्ती तिथेच थांबवली आणि भजनं काढायला घेतली. काही फाइलना तीन-तीन प्रयत्न लागले, पण निघाल्या. आठवड्याभरात ती डिस्क पूर्ण गेली. दुरुस्ती चालूच ठेवली असती तर डिस्कचे शेवटचे श्वास सिस्टीम फाइल वाचण्यात गेले असते. विंडोज काय, पुन्हा टाकता येतं. तो आवाज पुन्हा मिळाला नसता.

म्हणून बॅकअपनंतर डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते डिस्क चांगली आहे, सावध राहण्यासारखी आहे की वाईट आहे, हे रंगात दाखवतं. पिवळा किंवा लाल दिसला तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, डिस्क बदला. आणि फाइल पुन्हा पुन्हा करप्ट होत असतील तर स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक शोधा आणि रॅम तपासून घ्या. रॅम खराब असेल तर तुम्ही एकीकडे दुरुस्त कराल आणि दुसरीकडे बिघडत जाईल.

डिस्क ठीक आहे? मग आता कमांड. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक करा आणि "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" निवडा. हे विसरलात तर कमांड चालणारच नाही.

पहिली कमांड लिहून घ्या. डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप, आडवी रेघ, इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. रिस्टोअर आणि हेल्थ जोडून, मध्ये स्पेस नाही. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती तिरकी रेघ. स्लॅशच्या आधी स्पेस हवी, नंतर नको. आणि इथला "ऑनलाइन" हा शब्द इंटरनेटबद्दल नाही बरं का. त्याचा अर्थ, आत्ता चालू असलेलं विंडोज. इंटरनेट मात्र लागतंच, प्रती तिकडूनच येतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटा शिल्लक आहे ना, बघून घ्या.

आता अडकण्याबद्दल. आकडा वीस टक्क्यांवर, चाळीसवर किंवा ६२.३ वर बराच वेळ थांबणं ही नेहमीची गोष्ट आहे. तो आकडा घड्याळासारखा सरळ चालत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर तर तासभर लागला तरी घाबरू नका. पण खरंच चालू आहे की मेलंय, हे ओळखायचं कसं? तीन खुणा सांगतो.

एक, खिडकीच्या वरच्या पट्टीवर "सिलेक्ट" हा शब्द आलाय का बघा. काळ्या खिडकीत चुकून माउसचं क्लिक पडलं की विंडोजला वाटतं तुम्हाला मजकूर निवडायचाय, आणि सगळं तिथेच थांबून राहतं. एंटर दाबा, गाडी पुढे निघते. कितीतरी "अडकलेल्या" दुरुस्त्यांचं रहस्य एवढंच असतं!

दोन, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. टायवर्कर किंवा विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर नावाचं काही प्रोसेसर किंवा डिस्क वापरताना दिसलं, तर काम चालू आहे. चहा घेऊन या.

तीन, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात लॉग्ज, त्यात सीबीएस नावाचं फोल्डर आहे. त्यातल्या सीबीएस लॉग फाइलची शेवटच्या बदलाची वेळ बघा. ती पुढे सरकत असेल तर औजार जिवंत आहे.

तिन्ही खुणा गप्प असतील, आणि तासाभराहून जास्त वेळ झाला असेल, तर कंट्रोल सी दाबून कमांड थांबवा आणि रीस्टार्ट करा. पॉवरचं बटण दाबून धरू नका. आणि शटडाउन नको, रीस्टार्टच हवं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, त्यामुळे शटडाउन केलं तरी सिस्टीमचा काही भाग झोपवून ठेवला जातो आणि पुन्हा तसाच उठवला जातो. अर्धवट राहिलेली कामं रीस्टार्टमध्येच पूर्ण होतात.

डीआयएसएम नीट संपलं की दुसरी कमांड. एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. तोही एकच शब्द. ही थांबली किंवा "काम करता आलं नाही" म्हणाली तर सेफ मोडमध्ये चालवा. त्यासाठी शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि चार नंबर. पण त्याआधी एक काळजी घ्या. हल्ली बऱ्याच लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, आणि अशा वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आधीच फोनवरून लॉगिन करून ती कागदावर उतरवून ठेवा. की नसेल तर त्या डिस्कमधलं तुमचंच सामान तुम्हाला मिळणार नाही.

आता समजा डीआयएसएमने ०एक्स८००एफ०८१एफ असा एरर दिला. त्याचा अर्थ, चांगल्या प्रती कुठेच सापडल्या नाहीत. इथे लोक हात टेकतात, पण अजून एक दार उघडं आहे. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे जा. नव्या आवृत्त्यांमध्ये तिथे विंडोज अपडेट वापरून दुरुस्ती करायचा पर्याय आहे. तो विंडोज पुन्हा बसवतो, पण तुमच्या फाइल, अ‍ॅप आणि सेटिंग्ज जागच्या जागी ठेवतो. तो पर्याय दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तुमच्याच आवृत्तीची आणि भाषेची आयएसओ फाइल उतरवा. ती बरीच मोठी असते, म्हणून कॉलेजचं वायफाय बरं. तिच्यावर डबल क्लिक करा, आतलं सेटअप चालवा आणि "फाइल आणि अ‍ॅप ठेवा" हेच निवडलंय ना, ते दोनदा वाचा. फॉरमॅटच्या आधीची ही शेवटची पायरी. दुकानात गेलात तरी हेच विचारा, "जागेवरच रिपेअर इन्स्टॉल करून बघितलंत का?"

आणखी एक गोष्ट. प्रत्येक निळ्या स्क्रीनचं उत्तर एसएफसी नसतं. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ते अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघालं आणि ७८ मिनिटांत मागे घेतलं गेलं, तरी बंद पडलेल्या मशीनपैकी कितीतरी एकेक करून सेफ मोडमध्ये नेऊन ती फाइल उडवावी लागली. त्यात विंडोजच्या स्वतःच्या फाइल शाबूत होत्या. एसएफसी फक्त मायक्रोसॉफ्टच्या फाइल ओळखतं, पाहुण्यांचं सामान ते तपासत नाही. त्यामुळे एसएफसी "सगळं ठीक आहे" म्हणालं आणि त्रास चालूच राहिला, तर अलीकडे बसवलेला ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर काढून बघा.

आणि हो, एरर कोड सर्च करताना वर दिसणाऱ्या "हेल्पलाइन" नंबरवर फोन करू नका. ते लोक रिमोट अ‍ॅप घ्यायला लावतात, साध्या लॉगमधल्या लाल खुणा दाखवून घाबरवतात आणि खात्यातले पैसे काढतात. असं कुणाचं झालंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तर क्रम पुन्हा एकदा. बॅकअप. डिस्क आणि रॅम. डीआयएसएम. एसएफसी. रिपेअर इन्स्टॉल. आणि सगळ्यात शेवटी, अगदी नाइलाज झाला तरच, फॉरमॅट.

हा भाग अशा मित्राला पाठवा ज्याचा सगळा प्रोजेक्ट एकाच लॅपटॉपमध्ये, एकाच फोल्डरमध्ये आहे. असा एक तरी मित्र प्रत्येकाचा असतोच.