कस्तुरबांच्या खोलीपाशी

आज वहीखातं नाही, हप्ते नाहीत, बँकेची कागदपत्रं नाहीत. आमच्या गटांच्या बायका पुण्याचा आगाखान पॅलेस बघून आल्या, त्याचं सांगणार आहे.

नगर रोडनं पुण्याला जाताना विमाननगर मागं टाकलं की येरवड्याच्या अलीकडं हा बंगला लागतो. आपल्यातल्या किती जणी या रस्त्यानं दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला गेल्या असतील, पण एसटीतून उतरून आत गेलेली एकही बाई मला सापडली नाही. बैठकीत विषय काढला तर पहिला प्रश्न आला, "तिथं देव कोणता?" जेजुरी, आळंदीला जायचं म्हटलं की घरातून कोणी अडवत नाही. जुना बंगला आणि बाग बघायला जायचं म्हटलं की "काय नडलंय?" होतं. एका सासूबाईंनी तर साफ नाही सांगितलं. मग आम्ही सुनेबरोबर त्यांनाही घेतलं.

पैशाचं आधी सांगते. बचतीला हात लावला नाही. दर महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं 20 रुपये वेगळे ठेवले, दहा महिने. त्यात गाडीभाडं आणि तिकीट बसलं. भाकरी घरच्या. 15 वर्षांखालच्या पोरांना तिकीट लागत नाही, म्हणून ज्यांची लेकरं मागं राहण्यासारखी नव्हती त्यांनी ती आणली.

हा वाडा 1892 साली सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनी बांधला. दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावं म्हणून बांधला, असं सांगतात. म्हणजे आपल्या भाषेत रोजगार हमीचंच काम. मोठमोठ्या कमानी, लांब व्हरांडे, पुढं हिरवळ आणि जुनी झाडं. 1969 साली आगाखान घराण्यानं तो देशाला दिला. सकाळी चालायला येणारे, शाळेच्या सहली, फोटो काढणारी जोडपी, सगळे बागेत असतात. आमच्याही बायकांनी आधी फोटोच काढले. काढू दिले मी. इतक्या वर्षांनी घराबाहेर पडलेली बाई झाडाखाली उभी राहून फोटो काढणार नाही तर काय करणार?

पण हा बंगला तुरुंग होता. ऑगस्ट 1942 मध्ये 'चले जाव'च्या वेळी इंग्रजांनी गांधीजींना पकडून इथं ठेवलं. महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन याही इथंच होत्या. आणि कस्तुरबा. आता इथं मला थांबून सांगायचंय. पुष्कळांना वाटतं, नवऱ्याला पकडलं म्हणून बा मागोमाग आल्या. मलाही कॉलेजात कोणी वेगळं सांगितलं नव्हतं. खरं असं आहे की 9 ऑगस्टला पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि त्याच दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत बा बोलणार होत्या. त्यासाठी निघाल्या, म्हणून त्यांना अटक झाली. त्यांची अटक त्यांची स्वतःची होती. त्या वेळी वय 73.

हे ऐकल्यावर बायका खोल्यांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. खोल्या बाहेरूनच बघायच्या असतात. चित्रं आहेत, फोटो आहेत, मजकूर आहे. आम्ही एक रीत ठेवली. वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, कुणी घाई करायची नाही. त्यामुळं जिला अक्षर येत नाही तिलाही लाजल्यासारखं झालं नाही.

आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "एवढा मोठा वाडा, एवढी बाग, मग तुरुंग कसला?" एक नवी सून हळूच म्हणाली, "आजी, वाडा मोठा असला म्हणून काय झालं, बाहेर पडायची मुभा कुठं होती?" क्षणभर कुणीच काही बोललं नाही. त्या सासूबाईसुद्धा.

आत आल्यावर सहाच दिवसांत, 15 ऑगस्टला महादेवभाई गेले. त्यांना इथंच आवारात अग्नी दिला. बा त्या जागेवर जात, नमस्कार करत. म्हातारपणी गांधीजी त्यांना भूगोल शिकवायला बसत, आणि शिकलेलं त्यांच्या लक्षात राहत नसे. हे वाचल्यावर आमच्या साक्षरता वर्गाच्या बायका खूप हसल्या. आपल्यासारखंच की.

मग बांचं दुखणं वाढलं. हृदयाचा त्रास, त्यात न्यूमोनिया. त्यांना वैद्यांचं औषध हवं होतं. सरकारची परवानगी मिळता मिळेना. पंडित शिव शर्मा हे वैद्य आले, पण रात्री आत राहायची त्यांना मोकळीक नव्हती. ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपत, म्हणजे हाक आली की धावता यावं. दवाखान्याच्या दारात रात्र काढलेल्या आमच्या बायकांना हे फार समजावून सांगावं लागलं नाही. 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून बा गेल्या. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. अग्नी दिल्यानंतर राखेत त्यांच्या काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या. हे सांगताना माझाच आवाज बसला. आमच्या रांगेतल्या दोघीतिघींनी आपल्या हातातल्या बांगड्या चाचपल्या.

वाड्यामागं बागेच्या कडेला महादेवभाईंची आणि बांची समाधी आहे, जोडीला तुळशीवृंदावन. आम्ही निघायच्या वेळेआधी अर्धा तास तिथं नुसतं बसलो. मला वाटतं, सहलीतला हा अर्धा तास कुणी वगळू नये. गाडीवाला हॉर्न वाजवतो, वाजवू दे. "देव कोणता?" असं विचारणाऱ्या बाईनंच तिथं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

एक तक्रारही सांगते. बरेच लोक येतात आणि हिरवळीवरूनच परत जातात, आत खोल्यांपर्यंत येतच नाहीत. आपल्या लेकींच्या शाळेची सहल निघाली तर बाईंना आधीच सांगा, बांच्या खोलीपाशी पोरांना उभं करा, आणि त्यांच्या अटकेची गोष्ट सांगा.

आता कामाचं. पुढची गाडी दुसऱ्या तीन गटांची आहे आणि 22 फेब्रुवारी जवळ आलाय. नावं आपापल्या गटाच्या सचिवाकडं द्या. म्हाताऱ्या बायकांना पुढची जागा. आत बरंच चालावं लागतं, चप्पल जुनी सरावाची घाला, नवी नको. पाण्याची बाटली घ्या, आणि घरून नाही म्हणत असतील तर नाही म्हणणाऱ्यांनाही बरोबर आणा, जागा करू.