तुकडे वेचायला जाऊ नका



1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान टेक्सासवर फुटलं. कल्पना चावलासह सातजण गेले. आणि काही तासांत ‘तुकडे विकणे आहे’ म्हणून ईबेच्या लिलावात जाहिराती! कंपनीनं त्या काढल्या, सरकारनं तुरुंगाची तंबी दिली. त्यांना काय पोट जाळत होतं? नाही, नुसती हाव.

आपल्या जिल्ह्याचं निराळं. पुलगावच्या भांडाराजवळ, सोनेगावच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करताना 20 नोव्हेंबर 2018 ला सहाजण मेले. त्यात रोजंदारीचे मजूर होते. स्फोटानंतरचं लोखंड-पितळ वेचायला आसपासचे गरीब तिथं जात. चूल पेटवायची असते बाबांनो, मी त्यांना चोर म्हणणार नाही. पण भंगारवाला किलोनं मोजतो, तो काही मैदानात येत नाही. आणि न फुटलेला तुकडा हातात घेतला तरी ओळखू येत नाही.