ध्रुवावरचा पत्ता

लहानपणी अब्बांनी शिकवलं, किब्ला पश्चिमेला. दक्षिण ध्रुवावर मात्र पश्चिमच नाही. तिथून प्रत्येक वाट उत्तरेलाच जाते. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरांचा, अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘मैत्री’ केंद्रापाशी सुमारे ३७, ध्रुवावर शून्य!

नकाशांच्या सूचीत संगणक चौकोन आखून शोध घेतो. रॉस समुद्र १८० रेखांशाच्या दोन्ही अंगांना पसरलेला. तिथलं १७० पूर्व ते १७० पश्चिम एवढंच मागितलं, तर भाबडा संगणक २० अंशांऐवजी उलटीकडचे ३४० अंश धुंडाळतो आणि हवा तोच बर्फ वगळतो. नोंद असते, पण सापडत नाही. बर्फातून वाट काढणाऱ्या जहाजाला ती नसल्यासारखीच.

उपाय? ध्रुव मध्यभागी ठेवून मीटरांत मोजणारा नकाशा. पत्ता विचारण्याआधी, आपण कुठे उभे आहोत ते ओळखावं लागतं.